शिकागोच्या वाड्यातून निघालेल्या वाटा

प्रतिनिधी

पदवीचे निकाल लागले की समाजकार्याकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींना घरातून पहिला प्रश्न विचारला जातो तो पोटापाण्याचा. दुसरा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडलेला असतो. लोकांच्या उपयोगी पडायचे हे ठरले. पण म्हणजे नेमके करायचे काय? रुग्णालयातील समाजसेवक व्हायचे, मुलांचे समुपदेशन करायचे, वस्तीत संघटन उभे करायचे, न्यायालयात परिविक्षा अधिकारी म्हणून काम करायचे, की ऑक्युपेशनल थेरपी शिकून अपंगत्व आलेल्या माणसाला पुन्हा उभे करायचे? या वाटा आज परस्परांपासून दूर गेलेल्या दिसतात. प्रत्येकीचा अभ्यासक्रम वेगळा, पदवी वेगळी, वेतनश्रेणीही वेगळी. तथापि त्यांतील बऱ्याच वाटांचा माग काढत गेले, तर त्या शिकागो शहरातील एका जुन्या वाड्याच्या उंबरठ्याशी येऊन मिळतात. तो वाडा म्हणजे 'हल हाऊस' आणि त्याचे दार शेजाऱ्यांसाठी उघडणाऱ्या स्त्रीचे नाव जेन अ‍ॅडम्स. १९३१ सालच्या नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी म्हणून जग त्यांना ओळखते. मात्र वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत आपण आयुष्यात काय करावे, हे त्यांनाही उमगलेले नव्हते.

डॉक्टर व्हायचे राहून गेले

जेन अ‍ॅडम्स यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या खेड्यात झाला. वडील जॉन अ‍ॅडम्स हे गिरणीमालक, बँकेचे चालक आणि राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. नऊ भावंडांतील जेन आठवी. ती दोन वर्षांची असतानाच आई वारली. पुढे लहानपणी तिला मणक्याचा क्षय झाला आणि पाठीला कायमचा बाक आला. वडील देखणे व रुबाबदार. आपल्यासारखी वाकडी मुलगी त्यांची आहे हे परक्या लोकांना कळू नये म्हणून ती चारचौघांत त्यांच्यापासून अंतर राखून चालत असे. दुबळ्या माणसाला वाटणाऱ्या संकोचाची ही पहिली ओळख तिला पुस्तकातून झाली नव्हती.

रॉकफर्ड येथील स्त्रियांच्या विद्यालयातून १८८१ साली ती वर्गात पहिली आली. वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आणि गोरगरिबांत राहून त्यांची सेवा करायची, असा तिचा बेत होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वडिलांचे अकस्मात निधन झाले. शरद ऋतूत तिने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला खरा; पण पाठीचे दुखणे बळावले, मन खचले आणि काही महिन्यांतच शिक्षण सुटले. त्या काळी सुशिक्षित स्त्रियांच्या अशा खचलेपणावर डॉ. वेअर मिचेल यांचा 'विश्रांती उपचार' प्रसिद्ध होता. रुग्णाने पडून राहायचे, वाचन-लेखन बंद, मनाला श्रम होतील असे काहीही करायचे नाही. जेनवरही त्यांच्याच रुग्णालयात उपचार झाले. त्यानंतर मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि कित्येक महिने अंथरुणात गेले. शरीराला उतार पडला. मनाची मरगळ मात्र हटली नाही. काही न करणे हाच आपला आजार आहे, हे तिच्या ध्यानात यायला अजून अवकाश होता.

पुढची सात-आठ वर्षे अशीच गेली. घरची सुबत्ता होती. युरोपचे दौरे झाले, चित्रे पाहून झाली, भाषा शिकून झाल्या. १८८३ साली लंडनच्या ईस्ट एंड भागात एका शनिवारी रात्री तिने नासक्या भाज्यांचा लिलाव पाहिला. फेकून देण्याच्या लायकीच्या त्या भाजीसाठी गरिबांचे असंख्य हात उंचावलेले होते. एकाने तर हाती आलेला कोबी न धुताच तिथेच खायला सुरुवात केली. ते उंचावलेले हात तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. त्याहून तिला बोचली ती स्वतःची अवस्था. इतके शिकूनही आपण केवळ प्रेक्षक आहोत, ही ती बोच होती.

१८८८ साली माद्रिदमध्ये बैलांची झुंज पाहताना हीच बोच असह्य झाली. सोबतच्या मंडळींना ते क्रौर्य बघवेना, म्हणून ती उठून गेली. जेन मात्र शेवटपर्यंत पाहत राहिली. आपले मन इतके बधिर कसे झाले, या विचाराने ती हादरली. मनात घोळत असलेला बेत तिने एलेन गेट्स स्टार या मैत्रिणीला बोलून दाखवला. गरीब वस्तीत घर घ्यायचे आणि तिथल्या लोकांचे शेजारी होऊन राहायचे. त्यानंतर दोघींपैकी जेनने लंडन गाठून 'टॉयन्बी हॉल' पाहिला. विद्यापीठातील तरुणांनी गरीब वस्तीत राहावे, या हेतूने १८८४ साली तो सुरू झाला होता. नमुना मिळाला. आता गाव निवडायचे होते.

शेजारधर्माची शाळा

१८ सप्टेंबर १८८९ रोजी या दोघी शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावरील एका वाड्यात राहायला आल्या. चार्ल्स हल नावाच्या धनिकाने १८५६ साली तो बांधला होता. तेव्हा तो शहराबाहेर होता. आता त्याच्या एका अंगाला दारूचा गुत्ता आणि दुसऱ्या अंगाला अंत्यविधीचे सामान पुरवणारे दुकान होते. भोवताली इटालियन, जर्मन, आयरिश, ग्रीक, बोहेमियन आणि रशिया-पोलंडमधून आलेली ज्यू कुटुंबे दाटीवाटीने राहत होती.

सुरुवातीला या सुशिक्षित तरुणींनी शेजाऱ्यांपुढे कादंबरीवाचनाचा कार्यक्रम ठेवला, चित्रे मांडली. लोक आले, पण त्यांच्या मागण्या निराळ्याच होत्या. कामाला जाणाऱ्या आयांना मुले सांभाळणारे कोणी हवे होते. बाळंतिणीपाशी बसायला, आजाऱ्याची शुश्रूषा करायला, मयताला आंघोळ घालायला माणूस हवे होते. ही सारी कामे अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. बालवाडी सुरू झाली, पाळणाघर आले, न्हाणीघरे झाली, व्यायामशाळा उभी राहिली. दुसऱ्या वर्षाअखेर आठवड्याला सुमारे दोन हजार माणसे त्या घराची पायरी चढू लागली. १९११ पर्यंत मूळ वाड्याभोवती तेरा इमारतींचा संकुल झाला होता.

सगळेच बेत तडीस गेले असे नाही. शेजारणींना स्वयंपाकाला सवड नसते, मुले निकृष्ट अन्नावर वाढतात, हे पाहून त्यांनी शास्त्रशुद्ध, पौष्टिक अन्नाचे सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. आहारशास्त्राच्या दृष्टीने त्यात खोट नव्हती. पण लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. प्रत्येकाला आपल्या देशाची, आपल्या आईच्या हातची चव हवी होती. स्वयंपाकघर मागे पडले, त्या जागेचे उपाहारगृह झाले आणि गप्पांचा अड्डा म्हणून तेच लोकप्रिय ठरले. लोकांना काय हवे हे त्यांना विचारल्याखेरीज ठरवू नये, हा आज समाजकार्याच्या पहिल्या वर्षात शिकवला जाणारा धडा त्यांना असा अनुभवातून मिळाला.

नियम आणि माणूस

दुसरा धडा फार महागात पडला. १८९३ च्या मंदीत शिकागोत हजारो लोक बेकार झाले. त्या वेळी धर्मादाय संस्थांचा एक नियम होता. हाताला काम मिळण्याची शक्यता असेल, तोवर मदत द्यायची नाही. मालरवानगी खात्यातील एक कारकून नोकरी गेल्यामुळे हल हाऊसकडे आला. कालव्याच्या खोदकामावर माणसे घेत आहेत, तेव्हा आधी तिकडे जावे, असे जेन अ‍ॅडम्स यांनी त्याला नियमानुसार सांगितले. आजवर आपण बैठे काम केले आहे, थंडीतले उघड्यावरचे कष्ट झेपणार नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. तरीही तो गेला. दोन दिवस खणला, न्यूमोनियाने आजारी पडला आणि आठवडाभरात मरण पावला. मागे दोन लहान मुले राहिली. अ‍ॅडम्स यांनी त्या मुलांची आयुष्यभर खबर ठेवली आणि ही हकीकत पुढे आत्मचरित्रात न लपवता लिहिली.

या घटनेतून त्यांनी नियम टाकून द्यावेत असा निष्कर्ष काढला नाही. समोरच्या माणसाची प्रकृती, सवयी, घरची परिस्थिती जाणून घेतल्याशिवाय लावलेला नियम घातक ठरू शकतो, हे मात्र त्या कायमचे शिकल्या. पुढे मेरी रिचमंड यांनी १९१७ साली 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ लिहून केसवर्कची, म्हणजे एकेका व्यक्तीची परिस्थिती समजून घेऊन मदत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर मांडली. रिचमंड धर्मादाय संस्थांच्या परंपरेतून आल्या होत्या आणि अ‍ॅडम्स वस्तीतील वास्तव्यातून. एकीचा भर व्यक्तीवर, तर दुसरीचा परिस्थितीवर होता. समाजकार्याच्या शिक्षणात हे दोन प्रवाह आजही शेजारी शेजारी वाहतात आणि विद्यार्थ्याला आपला कल ओळखावा लागतो.

कचऱ्यापासून कायद्यापर्यंत

परिस्थिती बदलायची तर पुरावा हवा. पहिल्याच नाताळात वाटलेल्या गोळ्या काही लहान मुलींनी नाकारल्या. त्या गोळ्यांच्या कारखान्यात सकाळी सात ते रात्री नऊ राबत होत्या आणि गोळ्या त्यांना डोळ्यांसमोर नको होत्या. हल हाऊसला येणारी मुले कारखान्यात यंत्रात सापडून जायबंदी होत. फ्लोरेन्स केली या १८९१ अखेर वाड्यात राहायला आल्या आणि त्यांनी घरोघर फिरून अशा कामाची पाहणी केली. १८९३ साली इलिनॉयने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला ठेवण्यास बंदी घालणारा कायदा केला आणि केली राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. त्याच कायद्यातील स्त्रियांच्या आठ तासांच्या कामाचे कलम दोनच वर्षांत न्यायालयात टिकले नाही. पण लढ्याची रीत सापडली होती. १८९५ मध्ये हल हाऊसने आपल्या परिसराचे नकाशे आणि लेख पुस्तकरूपाने छापले. कोणत्या घरात कोणत्या देशाचे लोक राहतात, त्यांना आठवड्याला किती मजुरी मिळते, हे रंगांनी दाखवलेले ते नकाशे सामाजिक पाहणीचा आदर्श ठरले.

याच वर्षी अ‍ॅडम्स यांनी एक अनपेक्षित नोकरी पत्करली. वस्तीतील कचरा नीट उचलला जात नव्हता आणि मुले दगावत होती. तक्रारींचा उपयोग होईना, तेव्हा त्या स्वतः प्रभागाच्या कचरा निरीक्षक झाल्या. पगार वर्षाला एक हजार डॉलर. पहाटे सहाला उठून त्या गाड्यांच्या मागोमाग कचरा टाकण्याच्या जागेपर्यंत जात. एका गल्लीत सुमारे दीड फूट घाण उपसल्यावर खाली फरसबंदी रस्ता सापडला. तिथे असा रस्ता आहे हे तिथल्या रहिवाशांनाही ठाऊक नव्हते. मोठ्या घरची, उच्चशिक्षित बाई कचऱ्याच्या गाडीमागे चालते, याचे अनेकांना नवल वाटले. पण आरोग्यसेवेची सुरुवात दवाखान्याच्या आधी गल्लीत होते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

एकेक प्रश्न, एकेक व्यवसाय

हल हाऊसचे रहिवासी बहुधा स्वतःच्या राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतः करीत. कोणी दिवसा नोकरी करून संध्याकाळी तिथे काम करी. यांतील अनेकांनी एकेक प्रश्न हाती घेतला आणि त्याचा आयुष्यभर पाठपुरावा केला. त्या पाठपुराव्यातूनच पुढे व्यवसाय आकाराला आले.

ज्युलिया लेथ्रॉप यांनी मुलांचा आणि मनोरुग्णांचा प्रश्न घेतला. त्या काळी चोरी करणाऱ्या लहान मुलांनाही प्रौढ गुन्हेगारांबरोबर तुरुंगात डांबत. लेथ्रॉप व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून जुलै १८९९ मध्ये शिकागोत अमेरिकेतील पहिले बाल न्यायालय सुरू झाले. कायद्याने परिविक्षा अधिकारी नेमायचे ठरले, पण त्यांच्या पगाराची तरतूद नव्हती. तो पैसा स्त्रियांच्या मंडळाने उभा केला. हल हाऊसच्या अल्झिना स्टीव्हन्स या तेथील पहिल्या परिविक्षा अधिकारी झाल्या. न्यायालयात तीच ती मुले पुन्हा येतात, असे दिसल्यावर त्यामागचे कारण शोधण्यासाठी १९०९ साली डॉ. विल्यम हीली यांच्या नेतृत्वाखाली एक संस्था निघाली. डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि समाजसेवक यांनी एकत्र बसून मुलाला समजून घ्यायचे, ही बालमार्गदर्शन केंद्रांची पद्धत तिथून रुजली. लेथ्रॉप १९१२ मध्ये केंद्र सरकारच्या बालक विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. त्यांची जागा १९२१ मध्ये ग्रेस अ‍ॅबट यांनी घेतली. त्याही हल हाऊसमध्येच राहिलेल्या होत्या.

डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन १८९७ मध्ये वाड्यात आल्या. शिशाच्या कारखान्यांतील कामगारांना होणारी विषबाधा त्यांनी कारखान्याकारखान्यांतून हिंडून उजेडात आणली. औद्योगिक वैद्यकाचा पाया घालणाऱ्या हॅमिल्टन १९१९ साली हार्वर्ड विद्यापीठातील पहिल्या स्त्री-अध्यापक ठरल्या.

मनोरुग्णालयांतील रुग्ण दिवसभर भिंतीकडे पाहत बसून राहतात, हे लेथ्रॉप यांनी पाहणीत टिपले होते. त्यांच्या पुढाकाराने १९०८ साली 'शिकागो स्कूल ऑफ सिव्हिक्स अँड फिलान्थ्रॉपी' या संस्थेत मनोरुग्णालयातील परिचारकांसाठी हस्तकला, खेळ आणि कामाच्या माध्यमातून रुग्णांना गुंतवण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९११ मध्ये एलेनॉर क्लार्क स्लेगल यांनी तो पूर्ण केला. पुढे त्यांनी शिकागोत हेच शिक्षण देणारी शाळा चालवली आणि १९१७ साली अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपीची राष्ट्रीय संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. विश्रांती उपचाराने ज्यांना उभारी मिळाली नाही, त्या अ‍ॅडम्स यांच्या वर्तुळातूनच कामाने माणूस सावरतो हे सांगणारी उपचारपद्धती बहरावी, हा योगायोग बोलका आहे.

खेळाचेही तसेच. नेव्हा बॉईड यांनी १९२० च्या दशकात हल हाऊसमध्ये सामूहिक खेळ, नृत्य आणि नाट्य यांचे प्रशिक्षण देणारी शाळा चालवली. त्यांची विद्यार्थिनी व्हायोला स्पोलिन यांनी रचलेले नाट्यखेळ आज रंगभूमीप्रमाणेच नाट्योपचारातही वापरले जातात.

हेच 'स्कूल ऑफ सिव्हिक्स' १९२० साली शिकागो विद्यापीठात विलीन झाले आणि समाजकार्याला विद्यापीठीय शिक्षणाचे स्थान मिळाले. त्याआधी १९०९ मध्ये धर्मादाय व सुधारकार्य करणाऱ्यांच्या राष्ट्रीय परिषदेने जेन अ‍ॅडम्स यांना अध्यक्ष निवडले होते. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

लोकप्रियतेची किंमत

अ‍ॅडम्स यांच्या कामाला मर्यादाही होत्या. १९०१ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविरुद्ध लेख लिहिला. पण बळींवरील आरोप खरे असावेत असे गृहीत धरल्याबद्दल आयडा वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीने त्यांना जाहीरपणे खोडून काढले. पुढे १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना उभारणाऱ्यांत दोघींचीही नावे होती.

पहिल्या महायुद्धापर्यंत अ‍ॅडम्स अमेरिकेतील सर्वांत आदरणीय स्त्रियांपैकी एक होत्या. १९१५ मध्ये त्यांनी हेग येथील स्त्रियांच्या शांतता परिषदेचे अध्यक्षपद भूषवले आणि अमेरिका युद्धात उतरल्यावरही आपला विरोध सोडला नाही. वृत्तपत्रे उलटली, देशद्रोहाचे आरोप झाले, जुने मित्र दुरावले. ज्यांच्यात आपण राहतो ते जर्मन, इटालियन, ऑस्ट्रियन शेजारी एकमेकांचे वैरी नाहीत, हे त्या रोज पाहत होत्या. त्यांच्या शांतताकार्याचे मूळ हल हाऊसच्या अंगणातच होते. लोकमत पालटायला बरीच वर्षे लागली. १९३१ साली निकोलस मरे बटलर यांच्यासमवेत त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. प्रकृतीमुळे त्या समारंभाला जाऊ शकल्या नाहीत. २१ मे १९३५ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले आणि सीडरव्हिलच्या मातीत त्यांना निरोप देण्यात आला.

नागपाडा ते परळ

ही परंपरा मुंबईलाही येऊन पोहोचली. शिकागो विद्यापीठात शिकलेले आणि अमेरिकन मराठी मिशनतर्फे आलेले डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात भायखळ्याजवळच्या कामगार वस्तीत 'नागपाडा नेबरहूड हाऊस' उभारले. १९३६ मध्ये तिथेच सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. तेच आजचे देवनारचे 'टाटा समाजविज्ञान संस्था'. या विद्यालयाने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्रही चालू केले. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. आज २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार प्रत्येक बालन्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांतील किमान एक स्त्री असते. ऑक्युपेशनल थेरपीला संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या कायद्यात स्थान आहे.

हल हाऊसच्या बहुतेक इमारती १९६३ मध्ये विद्यापीठाच्या नव्या संकुलासाठी पाडण्यात आल्या; मूळ वाडा संग्रहालय म्हणून उरला. त्याच्या नावाने सेवाकार्य करणारी संस्थाही पैशाअभावी २०१२ साली बंद पडली. वाटा मात्र राहिल्या.

आज या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या तरुणांपुढे अभ्यासक्रमांची यादी तयार असते. त्यातले कोणते निवडावे, याचे उत्तर अ‍ॅडम्स यांच्या चरित्रात आयते मिळणार नाही. निवडीची रीत मात्र मिळते. एकट्या माणसासमोर बसून त्याचे ऐकणे आपल्याला जमते, की आकडे गोळा करून कायदा बदलायला लावणे? मुलांशी खेळता खेळता त्यांना बोलते करणे आवडते, की कचऱ्याच्या गाडीमागे चालण्याची चिकाटी अंगी आहे? हे घरी बसून कळत नाही. आधी काही काळ कोणाचा तरी शेजारी व्हावे लागते. डॉक्टर होता आले नाही म्हणून आयुष्य वाया गेले असे मानणाऱ्या एका आजारी मुलीला तिचे काम शेजारात सापडले. पहिली वाट बंद झाली म्हणून खचलेल्या कोणाही विद्यार्थ्याने एवढे तरी ध्यानात ठेवायला हरकत नाही.